पहिल्या फेरीचं शून्य

पहिल्या फेरीच्या वेळी थांब्यावर एक बाई उभी होती आणि मी तिला मोजलं नाही. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती बाई माझी सख्खी थोरली बहीण होती, हे तर नाहीच नाही.

पण आधी ट्रामचं सांगतो, कारण आमच्या शहरात सध्या सगळं ट्रामपासून सुरू होतं. आमच्याकडे ट्राम कधीच नव्हती. ती होती असं छातीठोक सांगणारे मात्र भरपूर. महापालिकेच्या कार्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर एक निवृत्त गुरुजी येतात. त्यांच्या आजोबांनी म्हणे रूळ टाकायला आलेला गोरा साहेब डोळ्यांनी पाहिला होता. मग रूळ गेले कुठे, असं विचारलं की गुरुजी गटाराकडे बोट दाखवतात. दर वर्षी त्या गोष्टीत एक डबा वाढतो. गेल्या वर्षापर्यंत ती ट्राम घोडे ओढत होते. यंदा ती विजेवर धावू लागली.

प्रत्यक्षात आम्हाला मिळाली ती शहर बस. ती आली, हार घालून घेतला, नारळ फोडून घेतला आणि बंद पडली. मग नवा ठेकेदार, नवा रंग, पुन्हा हार. रस्त्यावरच्या फेऱ्यांपेक्षा तिच्या उद्घाटनाच्याच फेऱ्या जास्त झाल्या असतील. मी त्याच कार्यालयात वाहतुकीच्या टेबलावर कारकून आहे. हार आणायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असायचं.

कार्यालयात मला सगळे ‘बागायतदार’ म्हणतात. नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी माझ्याबरोबर आणखी एक जण आला होता. त्याला शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी गाव विचारलं. तो म्हणाला, पाथर्डी. भाऊसाहेब म्हणाले, “मग कोयता कुठं ठेवलास? बाहेर सायकलपाशी?” सगळे हसले. तोही हसला बिचारा. मग माझी पाळी आली. मी तिसगावच्या पलीकडचा, म्हणजे पाथर्डीकडचाच. आमचं अख्खं घर दसरा झाला की टोळीबरोबर ऊस तोडायला जायचं आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचं. मी म्हणालो, कोल्हार.

कोल्हार मला चांगलं माहीत होतं. तिथला ऊस मी तोडला आहे.

एकदा कोल्हारचा झालो म्हटल्यावर प्रवरेचं पाणी आलं, पाण्यामागून बाग आली आणि बागेत पेरू लागले. दर हिवाळ्यात भाऊसाहेब विचारायचे, “काय बागायतदार, यंदा झाडं रुसली का?” मग मी मनमाड रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या बायकांकडून पिशवीभर पेरू आणायचो. वर चार हिरवी पानं घालायचो, आत्ताच तोडून आणल्यासारखी. सगळे खायचे आणि म्हणायचे, घरच्या पेरूची चव वेगळीच. मीही खायचो. खरंच वेगळी लागायची.

बायपासच्या पलीकडे माळावर एक वस्ती आहे. सगळी माणसं आमच्याकडची, पाथर्डीच्या अंगाची. एरवी शहरात बांधकामावर, हमालीवर जातात आणि हंगाम लागला की कारखान्यावर. माझी आक्का तिथेच राहते. मेहुणे गेल्यावर तिने कोयता खाली ठेवला आणि शहरातल्या एका शाळेत खिचडी शिजवायचं काम धरलं. सकाळच्या पहिल्या बसने ती जायची. एकदा मला म्हणाली होती, “खिडकीपाशी बसून जाते रं भाऊ. मालकिनीवानी.”

ठेकेदाराला माळावरच्या फेऱ्या नको होत्या. साहेबांनी मला बोलावलं. “माळावरच्या फेऱ्या तोट्यात आहेत म्हणतो. तीन दिवस सकाळी थांब्यावर बसून मोजणी करून टाका. कागद झाला की सुटलो.”

महिना पौषाचा. पौषात त्या वस्तीत कोण असतं, हे त्या कार्यालयात फक्त मला माहीत होतं. निम्म्याहून जास्त दारांना कुलूपही नसतं, नुसती बाभळीची काटी आडवी लावलेली. आत म्हातारी माणसं, कोंबड्या आणि माझ्या बहिणीसारख्या चार-दोन बाया. मी म्हणायला हवं होतं की साहेब, पाडव्यानंतर मोजू, आत्ता माणसं कारखान्यावर आहेत. त्यावर साहेब म्हणाले असते, तुम्हाला काय माहीत? त्या एका प्रश्नाला भिऊन मी “बरं साहेब” म्हणालो.

बरोबर एक ज्युनिअर दिला होता, मफलर गुंडाळलेला. पहिल्याच सकाळी आक्का डबा घेऊन माळ उतरताना दिसली. ती मला पाहणार, लांबूनच “आरं भाऊ, तू हितं व्हय?” म्हणून हाक मारणार आणि त्या एका हाकेत कोल्हार, प्रवरा, पेरू, सगळं वाहून जाणार. मी ज्युनिअरला म्हणालो, “चल, चहा घेऊ.” थांब्याजवळच्या टपरीच्या मागच्या बाजूला, रस्त्याकडे पाठ करून आम्ही चहा घेतला. बस आली आणि गेली. परत येऊन मी फॉर्ममध्ये पहिल्या फेरीपुढे शून्य लिहिलं.

तिन्ही दिवस बरोबर त्याच वेळेला मला चहाची तलफ आली. ज्युनिअर म्हणाला, “बागायतदार, तुम्ही चहाचे भलतेच शौकीन हो.”

बाकीच्या फेऱ्यांचे आकडे खरे होते. एका हाताच्या बोटांत मावतील एवढे. माळावरच्या सगळ्याच फेऱ्या बंद झाल्या. या वेळी हार आणावा लागला नाही.

पुढच्या रविवारी आक्काकडे गेलो. ती भाकरी थापत होती आणि भाकरीपेक्षा मोजणाऱ्यालाच जास्त थापत होती. “कोन मेला आला हुता मोजाया? डोळे हुते का शर्टाची बटनं? मी रोज उभी राहत हुते की तिथं, हात करून!”

मी म्हणालो, “असेल कोणीतरी.”

“तुज्याच कचेरीतला आसंल. इचार की.”

“विचारतो.”

“व्हय, तू इचारशील!” ती हसली. “तुला तर लहानपनी मुकादमाला पानी मागायची लाज वाटायची. मीच मागायचे तुज्यासाटी.” आणि तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी ती खाल्ली. ठेचाही मागून घेतला.

ती बायपासच्या नाक्यापर्यंत चालत जाऊ लागली. तिथे रिक्षा भरेपर्यंत थांबावं लागे. शाळेत उशीर होऊ लागला. शाळेतल्या मोठ्या बाईंनी दोनदा समजून घेतलं, तिसऱ्यांदा शाळेशेजारच्या एका बाईला काम दिलं. त्यात त्यांची काही चूक नाही; पोरं अकरा वाजता भुकेजतात. त्या दसऱ्याला आक्का जावेच्या टोळीबरोबर मोळ्या बांधायला गेली. तेव्हापासून दर वर्षी जाते. तिचे गुडघे सुजतात. मी मलम नेऊन देतो. ती माझं कौतुक करते.

आता ट्राम. या थंडीत सभागृहात तिचं सादरीकरण झालं. पुण्याहून एक सल्लागार आला होता, जाकीट घातलेला. पडद्यावरची ट्राम इतकी स्वच्छ की तिच्या काचेत आभाळ दिसत होतं. फुटपाथवर गोरी माणसं कॉफी पीत होती. आमच्या शहरातलं एकही कुत्रं त्या चित्रात नव्हतं. दुसऱ्याच पानावर ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’ होती आणि तिच्यात गुरुजींची ट्राम, विजेवर चालणारी. सल्लागाराने कार्यालयासमोरच्या टपरीवर चहा घेतला होता, हे उघड होतं.

एका सदस्याने विचारलं, “हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या येतात गाणी लावून. ट्राम त्यांना साइड देणार का?”

सल्लागार म्हणाला, “सर, ट्राम रुळावर असते.”

“ते ठीक. पण ट्रॅक्टरवाल्याला कोण सांगणार?”

हशा झाला. मग नकाशा आला. निळी रेघ स्टेशनपासून निघून नाक्यावर संपत होती. पलीकडे सगळा हिरवा रंग. सल्लागार म्हणाला, “या भागात प्रवाशांची मागणी नाही. आपलीच जुनी मोजणी आहे.” आणि पडद्यावर माझा फॉर्म उमटला. माझं अक्षर, माझी सही, पहिल्या फेरीपुढे तीन दिवसांची तीन शून्यं, भिंतीएवढी. साहेब कौतुकाने म्हणाले, “आमच्या कोल्हारकरांचं काम. चोख असतं.”

एका अहवालात दोन थापा होत्या, एक गुरुजींची आणि एक माझी. गुरुजींच्या थापेने कोणाचं काही गेलं नव्हतं.

मी उभा राहिलो. “साहेब, ती मोजणी चुकीची आहे. पौषात त्या वस्तीत माणसंच नसतात. ऊस तोडायला जातात.”

“तुम्हाला काय माहीत?”

इतकी वर्षं ज्याला भ्यालो, तो प्रश्न केवढासा होता! “आम्ही जायचो ना साहेब. मी कोल्हारचा नाही. तिसगावकडचा.”

मागून भाऊसाहेबांचा आवाज आला, निवृत्तीला टेकलेला, खराखुरा दुखावलेला. “मग ते पेरू?”

माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कबुलीची सभागृहाने एवढीच चौकशी केली. सल्लागाराने लॅपटॉपवर काहीतरी केलं आणि निळ्या रेघेपुढे माळापर्यंत ठिपके उमटले. “भावी टप्पा,” तो म्हणाला. ट्राम येणार नाही हे मला कळतं. ठिपके तर मुळीच येणार नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी मी साधी टिपणी टाकली, की माळावरची बसफेरी पुन्हा सुरू करावी आणि मोजणी पाडव्यानंतर घ्यावी. खाली खरं गाव लिहून सही केली. साहेबांनी शेरा मारला, ‘पाहू’. फाइल अजून त्यांच्याच टेबलावर आहे.

चहाचं मात्र सभेत बोललो नाही. चुकीचा महिना निवडला एवढंच सांगितलं. त्यात लबाडी कमी आणि अडाणीपणा जास्त वाटतो, आणि अडाणीपणाला आमच्याकडे लगेच माफी मिळते.

आक्का आत्ता कारखान्यावर आहे, पाचटाच्या कोपीत. पाडव्याला येईल. मोजायला आलेला मी होतो आणि तिला पाहून पाठ फिरवली होती, हे तिला समोर बसून सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.