खोगीर तुमचं, घोडा आमचा

वाल्मिक आणि त्याचा थोरला भाऊ हिरू भांडले, तेव्हा वाल्मिकची बायको सोनाबाई कुडाआड भाकऱ्या थापत होती. हिरू म्हणाला, "पतसंस्थेच्या पैशानं घोडा आणलास, म्हंजी घोडा त्यांचा. तू नुसता चारा घालनार."

"मंग लीद बी त्यांनाच नेऊ दे," वाल्मिक म्हणाला. सोनाबाईला हसू आलं आणि तव्यावरची भाकर करपली.

तो घोडा म्हणजे चांद्या. माथेरानात मोटार फिरत नाही, हॉटेलांचा भाजीपाला घोड्यावरूनच जातो. वाल्मिक आजारात गेला, तशी सोनाबाईच खालच्या वाडीतून लगाम धरून वर जाऊ लागली. दिवसभर बोलायला तेवढा चांद्या. ऐकून घ्यायचा, उलट बोलायचा नाही; नवऱ्यापेक्षा बरा.

आजारपणात थकलेले हप्ते मात्र थकलेलेच राहिले. दोनदा नोटीस आली, मग पतसंस्थेचा टेंपो आला. माणसं सभ्य होती. पोलीस ठाण्यात कळवून आलेली. कागद वाचून दाखवला, सही घेतली, लिलावाआधी हप्ते भरले तर घोडा परत मिळेल म्हणाली. खोगीर उतरवून ओट्यावर ठेवलं. तारणात घोडाच लिहिलाय, खोगीर तुमचं. सोनाबाईनं त्यांना चहा पाजला. दारी आलेल्याला कोरडं कसं धाडायचं?

पुढं घरात शब्दच नाही. खोगिराशी काय बोलणार?

लिलावाच्या आदल्या सकाळी चांद्या दारात उभा. गळ्यात तुटका दोर. पतसंस्थेच्या खालापूरकडच्या शेडातून रानवाटेनं एकटा आलेला. तिनं आधी पाणी दाखवलं.

शेजारची कोंडी धावत आली. वरच्या रानात नेऊन बांध, कुणाला पत्ता लागायचा नाही, म्हणाली. "काकी, आपल्या पायानं आलाय तो. तू कुटं चोरलास?"

सोनाबाई कितीतरी वेळ त्याच्या मानेवर हात फिरवत राहिली. त्याला घरी यायची सवय, त्याची काय चूक? पण वाल्मिकला आजवर कुणी लबाड म्हटलं नव्हतं.

"घोडा आला गं," ती म्हणाली, "पर कागुद तिकडंच हाय."

दोर धरून ती निघाली. ओढ्यावर त्याला पाजलं, उताराला त्याच्या डाव्या अंगानं चालली. वाटेत कुणी विचारलं, आज ओझं नाय का? नाय, रिकामंच, म्हणाली.

शेडावरचा राखणदार दोर घ्यायला पुढं झाला. तिनं त्याला थांबवलं. चांद्याचा एकेक खूर उचलून खडे काढले, बादलीभर पाणी ठेवलं. मग स्वतःच दोर खुंट्याला बांधला आणि सुटत नाही ना, ते ओढून पाहिलं.