सावद्याचा राऊटर, धुळ्याचा कारभार

आमच्या सावद्याच्या घरातलं इंटरनेट उत्तम चालू होतं, तेवढ्यात मी ते दुरुस्त केलं.

मी धुळ्याला एका कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळतो. (सांभाळतो म्हणजे बंद करून पुन्हा चालू करतो.) पण केळीच्या बागेत जन्म गेलेल्या आमच्या नाना-मायला आपला दिनू शास्त्रज्ञच वाटतो! गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्या घरी राऊटर बसवला आणि धुळ्यात बसून त्यात शिरता येईल अशी सोयही करून ठेवली. "काही बिघडलं तर हात लावू नका, मी तिकडून बघतो," असं ऐटीत सांगून आलो. नानांनी ते अर्ध्या गावाला सांगितलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं होतं, तेही जर्मनीत. मायची पहिली नात! दुपारी चारला हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर सगळं दिसणार होतं आणि माय इथून पाळणा म्हणणार होती. तो तिने स्वतः रचला होता. पंधरा दिवस ओट्यावर बसून गल्लीला ऐकवत होती.

तीनला म्हटलं, एकदा नजर टाकावी. राऊटरमध्ये शिरलो, तर यादीत अकरा फोन जोडलेले! घरात माणसं दोन! म्हणजे आख्खी गल्ली आमच्या नेटवर पोसली जात होती. मी तडक पासवर्ड बदलला, चांगला अवघड ठेवला, आणि वर आणखी सुरक्षितता म्हणून 'बाहेरून प्रवेश बंद' अशा अर्थाच्या चौकटीत खूण केली.

बाहेरचा म्हणजे मीच होतो! आणि तो अवघड पासवर्ड? इतका अवघड होता, की मलाही आठवेना.

माझी बायको सोनगीरची, रागावली की अहिराणीत बोलते. खांद्यावरून डोकावून म्हणाली, "बठ्ठं नीट चालू व्हतं ना? मंग हात कसाले लावा?" (सगळं चालू असताना हात कशाला लावला, असा त्याचा अर्थ.)

इतक्यात नानांचा फोन आला. सावद्याच्या घरात मोबाइलची रेंज फक्त गच्चीवर मिळते, त्यामुळे ते धापा टाकत होते.

"दिनू, टीव्हीवर नुसतं चाक फिरी राह्यलं!"

"नाना, घाबरू नका. राऊटरच्या मागे बारीक छिद्र आहे. त्यात मायची केसांची पिन खुपसा आणि दहापर्यंत आकडे मोजा."

नाना जिना उतरले, आकडे मोजले, जिना चढले. "झालं. दिवे गेले, पुन्हा आले."

"आता तो उलटा करा. खाली कागद चिकटवलाय, त्यावर कंपनीचा मूळ पासवर्ड आहे, आता तोच चालेल. वाचून या."

पुन्हा जिना. खाली, वर.

"वाचता येत नाही रे. त्याच्यावर हळद-कुंकू हाय."

"कोणी लावलं?"

"मीच! खंडेनवमीले ट्रॅक्टरले लावलं, फवारणीच्या पंपाले लावलं, यालेच काहाले सोडू?"

"अहो, पण खालच्या बाजूला?"

"अक्षरं जिकडं, तेच तोंड ना!"

मी म्हटलं, ओल्या फडक्याने हलकेच पुसा. ते काम मायने घेतलं. आमची माय पितळी समई घासते तीच तिची हलकेच पुसण्याची रीत. पाच मिनिटांनी नाना अभिमानाने म्हणाले, "एकदम चकाचक!"

"काय लिहिलंय?"

"काहीच नाही."

चारला दहा कमी होते. पंधरा दिवस जपलेला मायचा पाळणा माझ्या एका खुणेपायी हुकणार होता. जर्मनी दूर होती म्हणून नव्हे, मी हुशार होतो म्हणून! तेवढ्यात फोनवर मायच आली. ती जिना चढून आली होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"दिनू, आता तू मह्याशी बोलतो, ते राऊटरवरून का?"

"नाही माय. गच्चीवर रेंज आहे ना, तिच्यावरून."

"मंग त्याच रेंजवर पोरीचं तोंड दिसत नाही का?"

बायको पदर तोंडाला लावून आत गेली.

"दिसतं," मी म्हणालो.

"मंग ठेव फोन. लाइन अडवून बसला!"

चारच्या ठोक्याला माय पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली आणि तिने तांब्याला फोन टेकवला. इकडे धुळ्यात मीही फोन लावून बसलो. नेट का बंद पडलं, हे विचारायला गल्लीतल्या बायका आल्या होत्या, त्याही गच्चीवर चढल्या. चौथ्या कडव्यात नातीचं नाव आलं आणि मायचा आवाज कापला, तेव्हा त्याच बायकांनी पाळणा पुढे उचलून धरला. पंधरा दिवस ऐकून सगळ्यांना पाठ झाला होता! तिकडे पाळण्यातली चिमुरडी टक लावून बघत होती. माझे डोळे भरून आले. ज्यांचं नेट मी तोडलं, त्यांनीच माझी लाज राखली.

पुढच्या रविवारी सावद्याला जाऊन मी राऊटर नीट बसवून दिला आणि पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवायला सांगितलं. नानांनी तो ऑइल पेंटने हॉलच्या भिंतीवर, दारातूनही वाचता येईल एवढा लिहिला. (गल्ली पुन्हा सुखात आहे.) त्याच्याखाली लाल रंगात, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात, आणखी एक ओळ आहे:

'बिघडल्यास धुळ्याला फोन करू नये.'