विहिरीतली दुसरी कळशी

मंडळी, आज आमच्या तोंडवलीच्या घरची विहीर पंप लावून उपसली.

साठच्या दशकात, मी लहान असताना, आईचं नाव कोरलेली तांब्याची कळशी दोर सुटून विहिरीत पडली. अशा वेळेसाठी घरोघरी लोखंडी गळ ठेवलेला असायचा. बाबांनी तो टाकला. कळशी वर आली, पण ती आमची नव्हती. बिननावाची, चिंचेने नुकतीच घासल्यासारखी लख्ख.

आई हळूच म्हणाली, "सोडा ती परत. जिची आसा, ती घेवन जातली."

बाबांनी सोडली आणि पुन्हा गळ टाकलाच नाही.

आज तळाचा गाळसुद्धा काढला. आईची कळशी मिळाली, हिरवी पडलेली. दुसरी नाहीच.

गळ अजून खुंटीवर आहे. खरं सांगा, तुम्ही तो पुन्हा विहिरीत टाकाल?