एक पाकळी उद्यासाठी

सगुणाबाईंचा उजव्या हाताचा अंगठा मानपाड्याच्या एका कारखान्यात गेला. प्रेसखाली सापडला आणि पेरापासून तुटला. ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याण्णवची. कारखान्याने पट्टी बांधून दिली, आठ दिवसांची रजा दिली, आणि नवव्या दिवशी त्यांच्या जागी दुसरी बाई उभी होती. सगुणाबाईंनी त्याबद्दल फार त्रागा केला नाही. कळव्याच्या खाडीकाठी, मासेमारीच्या घरात त्यांचं लहानपण गेलेलं. गेलेल्या भरतीच्या मागे धावायचं नाही, एवढं त्यांना घरातूनच ठाऊक होतं.

पण चिमूट गेली, त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना.

डोंबिवली पश्चिमेला, खाडीजवळच्या त्यांच्या सासरच्या गावात, गावदेवीच्या देवळापुढे वीस वर्षं सगुणाबाईच रांगोळी काढत. सकाळी सडा घालायचा, ओला हात पदराला पुसायचा, पहिला ठिपका देवीच्या नावाने टेकवायचा आणि मग बाकीचे. कागदावर आधी काढून बघणं नाही, वहीत उतरवून ठेवणं नाही. पंधरा ठिपके पंधरा ओळी डोळ्यांपुढे आपोआप उभ्या राहायच्या. दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत ती रांगोळी पुसून नवी काढायची. त्यांच्या आईची शिस्त होती तशी. जुन्या रांगोळीवर नव्या दिवसाचं ऊन पडू द्यायचं नाही. शिळं अन्न जसं देवापुढे ठेवत नाहीत, तसंच हे.

आता अंगठाच नाही म्हटल्यावर चिमूट कशाची धरणार? डाव्या हाताने करून पाहिलं, तर कमळाचा कोबी झाला. नवऱ्याने, परशुरामने, बाजारातून भोकं पाडलेली नळी आणून दिली. सरकवली की रेघ पडते. सगुणाबाईंनी ती दोनदा सरकवली आणि कोनाड्यात ठेवून दिली.

"काय झालं?" परशुरामने विचारलं.

"ही नलीची रांगोली हाय. माझी नाय."

मग देवळापुढची जागा दोन वर्षं कोरडीच राहिली. सडा मात्र त्या रोज घालत.

ही कोरडी जागा एका मुलीच्या डोळ्यांत खुपली. जॉर्जिना परेरा तिचं नाव, ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतली. चर्चमध्ये नाताळचा गोठा सजवायचं काम दरवर्षी तिच्याकडे. काळुराम म्हात्रे यांनी सगुणाबाईंच्या गावात नवी इमारत बांधली होती आणि पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास काढला होता. जॉर्जिना तिथे शिकवायची. कामाला लागली तेव्हा रोज येता-जाता ती देवळापुढे थांबून रांगोळी बघायची. मग एक दिवस रांगोळी दिसेनाशी झाली. विचारपूस केल्यावर अंगठ्याची हकिकत कळली.

तिने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की परदेशात चित्रकाराला महिनाभर बोलावतात, जागा देतात, सामान देतात, आणि म्हणतात, कर तुला काय करायचं ते. ती काळुरामशेठकडे गेली.

"दुपारी अकरा ते दोन एक कॉम्प्युटर रिकामा असतो शेठ. महिनाभर सगुणाबाईंना द्या."

"त्या कोलनीबाईला? ती काय करंल त्याच्यावं?"

"रांगोळी."

काळुरामशेठ हसले. "आनि मला काय मिलंल?"

"क्लासचं दिवाळीचं कार्ड. दरवर्षी तुम्ही बाजारातून आणता, त्यावर कुणाच्याही दारातली पणती असते."

शेठना हे पटलं. त्यांनी अट घातली ती सरळ होती. कार्डाजोगं एक चित्र झालं, तर अकरा ते दोनची ती खुर्ची पुढेही सगुणाबाईंची. नाही झालं, तर महिना संपला की तिथे टायपिंगवाली पोरगी बसेल.

अशा रीतीने शहाण्णव सालच्या भाद्रपदात, गणपती गेल्यावर, सगुणाबाई क्लासच्या दाराशी चपला काढून उभ्या राहिल्या. आत गारठा होता. यंत्रांवर कापडी टोप्या घातलेल्या. त्यांनी देवळात करतात तसा उंबऱ्याला हात लावला.

जॉर्जिनाने त्यांचा हात माउसवर ठेवला. तळव्याने ढकलायचं, पहिल्या बोटाने दाबायचं. अंगठ्याचं काही काम नाही. सगुणाबाईंनी ढकललं तर पडद्यावरचा बाण कोपऱ्यात जाऊन बसला.

"खेकड्यासारखा तिरका पलतो ओ मिस."

"दोन दिवसांत सरळ होईल," जॉर्जिना म्हणाली. मग तिने काम संपल्यावर काय करायचं ते दाखवलं. वरच्या पट्टीतला पहिला शब्द दाबायचा, खाली यादी उघडते, तिच्यातली तिसरी ओळ दाबायची. म्हणजे चित्र फ्लॉपीवर राहतं. सगुणाबाईंनी मान डोलावली. त्या चौथीपर्यंत मराठी शाळेत गेल्या होत्या. इंग्रजी येत नव्हतं, पण पहिला शब्द, तिसरी ओळ हे त्यांच्या पक्कं लक्षात राहिलं.

आठ दिवस नुसते ठिपके झाले. नवव्या दिवशी एक पाकळी वळली. वळली म्हणजे खरंच वळली, हातातून सुटून आपल्या आपण आल्यासारखी. सगुणाबाई खुर्चीत मागे टेकल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या खांद्यातला ताठा उतरला. बाजूच्या खोलीत जॉर्जिना मुलांना शिकवत होती, तिला हाक मारावी असं त्यांना वाटलं, पण मारली नाही. अजून थोडा वेळ त्या एकट्याच ती पाकळी बघत बसल्या.

मग रंग आले. जॉर्जिनाने त्यांना बादली दाखवली. पडद्यावर एक चिमुकली बादली होती, ती पाकळीत नेऊन दाबली की पाकळी रंगाने भरायची. सगुणाबाईंनी कुंकवाचा रंग घेतला, पाकळीत ओतला, आणि सगळा पडदा तांबडा झाला.

"मिस, बुडालं सगलं," त्या घाबरून उठल्या.

जॉर्जिना धावत आली. "कुठेतरी रेघ जुळली नाही. फट राहिली की रंग बाहेर येतो."

सगुणाबाईंनी वाकून पाहिलं. तांदळाच्या कणीएवढी फट होती. त्यांना एकदम हसू आलं. खारजमिनीच्या गावांत वाढलेल्या बाईला हे शिकवायची गरज नव्हती. बांधाला खेकड्याचं एक बीळ पडलं की उधाणाचं पाणी सगळ्या शेतात. जॉर्जिनाने दोन बटणं दाबली, तांबडं पाणी ओसरलं. त्या दिवसापासून रंग ओतायच्या आधी सगुणाबाई पाकळीभोवती नजरेने एक फेरी मारत. "बांध बघते," असं म्हणत.

घरी परशुराम विचारायचा, "आज काय काढलंस?"

"कमल."

"कालपन कमल होता."

"कालचा वेगला. आजच्याचं पोट मोठं हाय."

"कधी दाखवशील?"

यावर त्या चुलीकडे वळायच्या. परशुरामला वाटायचं, सगळी एकदमच दाखवणार असेल.

जॉर्जिनालाही तसंच वाटत होतं. ती मधूनमधून डोकवायची, पडद्यावर मोर बघायची, कासव बघायची, एकदा तर जाळ्यात सापडलेल्या पापलेटांची गोल रांग बघितली, शेपट्या मध्यभागी आणि तोंडं बाहेर. ती मनाशी हिशेब धरून होती की फ्लॉपीवर वीसेक चित्रं तरी जमली असतील. शेठ बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी तिने फ्लॉपी घातली. ती कोरी होती.

"सगुणाबाई, चित्रं कुठे आहेत?"

"कुठली?"

"सगळी. मोर, कासव, पापलेट."

"पुसली," सगुणाबाई म्हणाल्या.

जॉर्जिना खुर्चीवर बसली. "रोज?"

"रोज. जायच्या आधी. तो खोडरबर हाय ना, त्याने. आधी बाहेरची पाकली, मग आतली, शेवटी देवीचा ठिपका."

"मी तिसरी ओळ सांगितली होती."

"ध्यानात हाय. पन मी येते अकराला, तोवर सूर्य डोक्यावर. मग रांगोली शिली नाय होनार?"

जॉर्जिनाने खिडकीकडे बोट केलं. "इथे पडदे आहेत. ऊन येतच नाही."

"ऊन येत नाय म्हनून दिवस उगवत नाय काय, मिस?"

जॉर्जिनाच्या घरीही गुड फ्रायडेला झाडू मारत नसत आणि त्याचं कारण तिने आजीला कधी विचारलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "उद्या शेठ येणार. चित्र दिसलं नाही तर खुर्ची जाईल."

"उद्या काढते."

"आणि उद्या पुसाल?"

सगुणाबाईंनी माउसवरून हात काढून मांडीवर ठेवला. अंगठ्याच्या खुंटावर दुसऱ्या हाताची बोटं झाकली.

संध्याकाळी परशुराम ओटीवर जाळं विणत बसला होता. त्याच्याजवळ त्या बसल्या आणि सगळं सांगितलं. ठेवली तर शिळी, पुसली तर खुर्ची जाते. खुर्ची गेली की पुन्हा नुसता सडा.

परशुरामने फाटक्या भागात एक गाठ मारली. मग म्हणाला, "देवीला विचार."

"इचारलं. ती कुठं बोलते."

"मग मी काय बोलू? मी तर जालंवाला." त्याने सुतळी दातांत धरून तोडायला घेतली, पण उजेड कमी झाला होता. चार गाठी राहिल्या होत्या. त्याने सुई जाळ्यातच खोचली आणि जाळं खुंटीला टांगलं. "ऱ्हावू दे. उद्या धरीन."

सगुणाबाई त्या खुंटीकडे बघत राहिल्या. सुई लोंबत होती. ते जाळं काल रात्रीही असंच टांगलेलं होतं, परवाही होतं, आणि त्याला कुणी जुनं म्हणत नव्हतं. त्याचं काम चालू होतं.

"भात वाढू का?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज बदललेला परशुरामच्या लक्षात आला.

दुसऱ्या दिवशी त्या साडेदहालाच येऊन दाराशी थांबल्या; अकराला खुर्ची मोकळी झाली. पहिला ठिपका देवीच्या नावाने. मग पंधरा ओळी. मधे कमळ, कमळाभोवती पापलेटांची फेरी, बाहेर खाडीच्या लाटा. जॉर्जिना शिकवता शिकवता दोनदा येऊन गेली आणि दोन्ही वेळा न बोलता परत गेली. सगुणाबाईंना ती आलेली कळलीही नाही. ओठ हलत होते, बहुधा लग्नातलं जुनं धवळागीत चाललं होतं. खुर्ची राहणार की जाणार, हा विचार तेवढा सगळा वेळ त्यांच्या मनात आलाच नाही.

पावणेदोनला काळुरामशेठ आले. चष्मा लावला, पडद्याजवळ गेले, मागे सरकले. "आयला," म्हणाले. मग नीट बघून म्हणाले, "ही पाकली कोरी ऱ्हायली का?"

कमळाची एक पाकळी पांढरी होती. तिच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढी फट होती.

"ती उद्याची हाय, शेठ," सगुणाबाई म्हणाल्या. "उद्याचं काम ऱ्हायलेलं असलं, की आजची रांगोली शिली होत नाय. पुसावी लागत नाय."

जॉर्जिनाने हसू लपवायला चटकन तोंड दुसरीकडे फिरवलं.

"उद्याची कशाला? मीच भरतो," शेठ म्हणाले आणि माउस धरला. त्यांना बादली माहीत होती. पोरं खेळताना पाहिलेली. त्यांनी दाबलं आणि दिवाळीचं सगळं कार्ड, पापलेटांसकट, तांबड्या पुरात गेलं.

शेठनी विंचू चावल्यासारखा हात मागे घेतला. "मी काय केलं? मिस, मी काय केलं?"

सगुणाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. इतक्या, की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी स्वतः तीच दोन बटणं दाबली. एक बोट इकडे, एक तिकडे. पाणी ओसरलं, कमळ वर आलं.

"शेठ, तुमच्या बापाची खारजमीन होती," त्या म्हणाल्या. "बांध न बघता पानी सोरलंत?"

काळुरामशेठ स्वतःच्याच इमारतीत ओशाळून उभे राहिले. "मंग बांध घाला वयनी. उद्या या नि घाला. माझ्याकरनं होनार नाय." दारापर्यंत जाऊन वळले. "आनि कार्ड असंच छापा. फटीसकट. लोक इचारतील तवा मी सांगीन."

ते गेले. घड्याळात दोनला पाच मिनिटं होती. रोजच्या सवयीने सगुणाबाईंचा हात खोडरबराकडे गेला आणि वाटेत थांबला. त्यांनी बाण वर नेला. पहिला शब्द. यादी उघडली. तिसरी ओळ. फ्लॉपीने आत कुरकुर केली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," जॉर्जिना म्हणाली. "उद्या किती वाजता येणार?"

"अकराला. ती पाकली हाय ना."

दुसऱ्या दिवशी त्या अकराला आल्या. पाकळी तशीच पांढरी होती, वाट बघत. सगुणाबाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली, तिला तशीच उद्यासाठी ठेवली, आणि नव्या कोऱ्या पानावर देवीच्या नावाने पहिला ठिपका टेकवला.