दोराच्या मागं सरका

आमच्या कारखान्यात विडी चालत नाही, काडेपेटी चालत नाही, खिळ्यांची चप्पल चालत नाही. बोलायला तेवढी मनाई नाही. हात कामात गुंतलेले आणि तोंडं मोकळी, मग किस्से साठणार नाहीत तर काय? चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

कारखाना म्हणजे परंड्याच्या किल्ल्यापलीकडची, वस्तीपासून लांब असलेली एक दगडी खोली. जत्रेत, उरुसात, लग्नात उडवायची शोभेची दारू तिथं तयार होते. माझ्या अब्बांना सगळे उस्ताद म्हणतात. निजामाच्या राज्यात लायसन उर्दूत असायचं, ते अब्बा स्वतः वाचत. आता अटी मराठीत येतात. मी त्या वाचून दाखवते आणि अब्बा पाठ करतात. शेवटची अट अशी, की वरीलपैकी एकही अट मोडल्यास लायसन रद्द होईल. ती त्यांनी मला पुन्हा वाचायला लावली.

"बेटी, आपल्या घराला दुसरा धंदा न्हाय," ते म्हणाले. "एकबी मोडायची न्हाय."

*

उस्मानाबादेहून एक साहेब कारखाना तपासायला आले. दारातच अब्बांनी त्यांच्यापुढं हात पसरला.

साहेबांचा कारकून चिडला. "साहेबांकडं मागता? लाज नाही वाटत?"

"काडेपेटी मागतोय," अब्बा म्हणाले. "आन् बूट बी काढा. तळाला खिळे हायेत, ठिणगी पडती."

"अहो, आम्ही तपासायला आलोय."

"तपासा की. पर अनवाणी."

साहेबांनी काडेपेटी दिली, बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तो लपवत त्यांनी सगळी खोली पाहिली. जाताना शेरा लिहिला, 'नियम पाळले जातात.' मग बुटाची नाडी बांधता बांधता तोंडी म्हणाले, "जरा जास्तच."

*

दारू उडवायच्या जागी पाण्याची भरलेली पिपं ठेवावीत, अशी एक अट आहे. चैत्रातल्या जत्रेत ती पाळणं अवघड. तहानलेली माणसं पिपं कोरडी करून टाकतात.

माझ्या चाचांना युक्ती सुचली. त्यांनी पिपांत कडुलिंबाचा पाला कुस्करून टाकला. "आता पिऊन दाखवा म्हणावं."

थोड्या वेळात पिपांपुढं रांग लागली. लोक ओंजळ पुढं करून घोट घेत होते, उरलेलं डोळ्यांना लावत होते. एक म्हातारी चाचांना म्हणाली, "देवीचं तीर्थ लई कडक हाय बाबा. नातवासाठी तांब्यात दे थोडं."

पुढच्या वर्षी अब्बांनी युक्ती केली नाही. पिपाजवळ रिकामी घागर ठेवली आणि स्वतः उभे राहिले. जो पिईल त्यानं विहिरीवरून एक घागर आणून ओतायची. त्या वर्षी पिपं सांडेपर्यंत भरली.

*

लग्नाचा किस्सा अम्मीला फार आवडतो. वरात आली, दारूचे बाण रोवून झाले, आणि अब्बांनी मूठभर माती वर उडवली. माती कडब्याच्या गंजीकडं गेली.

"वारा गंजीकडं हाय. न्हाय उडवायची."

नवरदेवाचे मामा तापट. "मग गंजी हलवू. चला रे!"

रेशमी फेटे बांधलेली माणसं डोक्यावर कडबा वाहू लागली. सगळी गंजी मांडवाच्या दुसऱ्या अंगाला गेली. मामा घाम पुसत आले. "लावा आता."

अब्बांनी पुन्हा माती उडवली. वारा फिरला होता.

मामांनी एकदा मातीकडं पाहिलं, एकदा गंजीकडं. "उस्ताद," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "सकाळी उडवली तर चालंल का?"

नवरा-नवरीनं सकाळच्या उन्हात आतषबाजी पाहिली. दिसलं काहीच नाही. आवाज मात्र छान आले.

*

बघणारे दोराच्या मागं हवेत, ही अब्बांची सर्वांत आवडती अट. एका उरुसात त्यांनी दोर बांधला, वळून बाण रोवले, परत पाहिलं तर गर्दी हातभर अंतरावर.

"दोर ओलांडला कुणी?"

"कुणीबी न्हाय, उस्ताद. बघा की." सगळ्यांनी दोर खुंट्यांवरून सोडून हातात धरला होता आणि दोरासकट पुढं आले होते. "आमी मागंच हावोत."

अब्बा खाली बसले, भाकरीचं फडकं सोडलं आणि त्यांच्याकडं पाठ करून जेवू लागले. अर्धी भाकरी संपेपर्यंत दोर मूळ जागी गेला. अब्बांनी उरलेली अर्धीसुद्धा सावकाश खाल्ली.

*

आता पाटलांचा किस्सा.

नदीकाठच्या एका गावात देवीची जत्रा भरते. तिथं दारूला पहिली बत्ती लावायचा मान पाटलांचा. पाटील म्हातारे, हात थरथरतो, डोक्याला भलंमोठं पागोटं. आणि अट सांगते, लायसनदाराखेरीज कोणी बत्ती लावू नये.

"माझ्या आज्यापासनं बत्ती आमच्या घराची," पाटील म्हणाले. "सरकार बदललं म्हणून देवी बदलली का?"

"तुम्ही लावली तर माझं लायसन गेलं, पाटील."

"आन् न्हाय लावू दिली तर पुढच्या साली बार्शीचा दारूवाला येतोय."

बंदोबस्ताला आलेले फौजदार खुर्चीत बसून ऐकत होते. अब्बा मला म्हणाले, "वाच."

मी वाचलं. माझा आवाज पोहोचेना, म्हणून चाचा प्रत्येक ओळ ओरडून सांगत होते. बत्तीची अट झाली. पुढची होती, सर्व माणसे दोराच्या मागे गेल्याची खात्री झाल्याशिवाय बत्ती लावू नये.

"थांब," पाटील म्हणाले. "खात्री कुणी करायची?"

"कुणाचं नाव न्हाय त्यात," अब्बा म्हणाले.

पाटलांनी काठी उचलली आणि दोराच्या कडेनं निघाले. पोरांना मागं सारलं, स्वतःच्या लेकाला सारलं. फौजदारांपुढं थांबले. "साहेब, खुर्चीला येगळी अट हाय का?" फौजदार खुर्ची घेऊन मागं गेले. पूर्ण फेरी मारून पाटील आत, अब्बांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"झाली खात्री. लावा."

अब्बा पेटता काकडा धरून तसेच उभे. 

"पाटीलआबा, तुम्ही पण," मी म्हणाले. या वेळी चाचांना ओरडून सांगावं लागलं नाही.

पाटलांनी माझ्याकडं बघितलं. मग दोराखालून वाकून पलीकडं गेले. वाकताना पागोटं आत पडलं. लेक आणायला धावला, तर पाटलांनी काठी आडवी घातली.

"माणूस मागं आला. मान ऱ्हाऊ द्या आत."

अब्बांनी विचार केला, पिपातून एक घागर घेतली आणि पागोट्यावर ओतली. "ऱ्हाऊ द्या. पर भिजून."

मग बत्ती लावली.

पुढच्या वर्षी पाटलांनी पागोटं स्वतः आत नेऊन ठेवलं, वर स्वतःच्या हातानं घागर ओतली, आणि बोडक्या डोक्यानं दोराच्या मागं आले. फौजदार नवे होते. ते अब्बांजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "उस्ताद, हे कुठल्या अटीत आहे?"

"साहेब," अब्बा म्हणाले, "दोराच्या मागं सरका."