अश्वजीतचं बाळंतपण

चंपाबाईच्या हातून तेल लावून घेतलेली बाळं आता जबलपूरच्या चेरीतालमध्ये स्कूटी चालवतात. त्यांतल्या दोघी-तिघींची बाळंतपणंही पुन्हा चंपाबाईनंच केली. प्रसूती दवाखान्यात होते. तिथून घरी आलेल्या बाईचं पुढचं सगळं चंपाबाईकडं असे. आई-बाळाला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा, ओव्याची धुरी द्यायची, पोट बांधायचं, आणि मुख्य म्हणजे बाळंतीण अंथरुणातून उठत नाही यावर डोळा ठेवायचा. या बाबतीत सासूपेक्षा चंपाबाईचा धाक मोठा होता. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यातल्या अधिकारी बायकासुद्धा तिनं "खिडकी लावा" म्हटलं की मुकाट खिडकी लावत.

"सव्वा महिना पाठ टेकून घ्या, पोरी," ती सांगे, "म्हणजे म्हातारपणी टेकायची पाळी येत नाही."

तिची स्वतःची पाठ मात्र टेकली नव्हती. अश्वजीत झाला तेव्हा तिचा नवरा पुंडलिक ट्रकवर होता, आणि भंडाऱ्याकडची आई आधीच गेलेली. बाळ आठवड्याचंही नव्हतं, तेव्हा बांधकामावर लिंबाच्या फांदीला त्याची झोळी बांधून ती विटा वाहायला लागली होती. हे तिनं कधी गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणे, "तेव्हा तसंच होतं, बाप्पा."

पुंडलिक लवकर गेला. अश्वजीत शिकला, आयटीआय केलं, आणि विजेच्या कामावर ठेक्यानं लाइनमन म्हणून लागला. लोक जिना चढतात तसा तो खांब चढे. वादळ झालं, गल्ली अंधारात गेली, की आजूबाजूच्या घरांतून हाक येई, "अश्वजीत भैया कुठं आहे?" चंपाबाई ओट्यावर बसून खांबाकडं पाहत राही आणि दिवे लागले की कोणाकडं न पाहता आत जाई. एवढाच तिचा अभिमान.

असा हा मुलगा एके दिवशी कामावरून आला आणि जेवता जेवता म्हणाला, "आई, मी दोन महिने झोपायला चाललो."

"कुठं?"

"बंगळुरूकडं. तिथं एक संस्था आहे."

"तुले काय झालं?"

"काही नाही झालं. काही नाही झालं म्हणूनच घेतलं त्यांनी. बाकीचे किती तरी परत पाठवले."

मग त्यानं ताट बाजूला सारून समजावलं. अंतराळात माणूस तरंगतो. त्याला वजनच राहत नाही. पायांना काम नाही, हाडांना काम नाही, म्हणून ती झिजतात. हे जमिनीवर तपासायचं तर धडधाकट माणसाला पलंगावर पाडून ठेवतात. उसं थोडं खाली, पायथा वर. उठायचं नाही, बसायचं नाही. त्याचे पैसेही देतात.

"आपला माणूस वर जाईन न आई, तर त्याच्या हाडाचं काय होते, ते आधी माझ्या हाडावर पाहतीन," तो म्हणाला. हे बोलताना त्याचा आवाज जरा बदलला. चंपाबाईच्या ते लक्षात आलं. शाळेत असताना तो गच्चीवर पडून उपग्रह मोजायचा.

"तुह्याच हाडावर काहून? साहेबांच्या पोरांना हाडं नाहीत?"

"आहेत. पण त्यांना सुटी नसते," अश्वजीत हसत म्हणाला.

शेजारची बेबीताई दारातच उभी होती. "बाई बाई! लोकं उभं राहून कमावतात, चंपाबाईचा पोरगा आडवा होऊन कमावणार!"

त्याचे साहेब शैलेंद्र मराठीच होते, चार पिढ्या जबलपुरात मुरलेले. त्यांनी रजा दिली, पण एक गोष्ट स्पष्ट केली. "परत आल्यावर एक महिना देतो. त्यात खंब्यावर चढून दाखव. नाही जमलं तर दुसरा माणूस घ्यावा लागेल, भाई. लाइन कोणासाठी थांबत नाही."

अश्वजीत गेला. फोनवर त्याचा चेहरा दिसे आणि चंपाबाईला बरं वाटे. गाल वर आलेले, डोळे जरा सुजल्यासारखे. "तब्येत भरली," ती बेबीताईला सांगे. उसं खाली असल्यामुळं अंगातलं पाणी तोंडाकडं उतरलं आहे, हे तिला कोण सांगणार? तो पडूनच जेवत होता, पडूनच अंग पुसून घेत होता, बाकीचं सगळंही पडूनच. उशी नाही. सुरुवातीला पाठ अशी दुखली की एकदा त्याला रडू आलं. ते त्यानं आईला सांगितलं नाही. काही जणांना पडल्या पडल्या यंत्रावर व्यायाम करायला लावत, काहींना काहीच करू देत नसत. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. अश्वजीतच्या वाट्याला काहीच न करणं आलं.

दोन महिन्यांनी त्याला उभं केलं तेव्हा डोळ्यांपुढं काळोख आला आणि त्याला पुन्हा आडवं करावं लागलं. मग काही दिवस तिथंच ठेवून त्याला चालायला शिकवलं. घरी सोडताना डॉक्टर वसुधानं बजावलं, "रोज चालायचं. जिने चढायचे. टाचा उचलायच्या. पाठीवर ओझं घ्यायचं. हाडांना कळू दे की तू जमिनीवर आलास."

स्टेशनवर चंपाबाईनं त्याला डब्यातून उतरताना पाहिलं. दांडा धरून, एकेक पाय पाहत तो उतरत होता. घरी आल्यावर तिनं तेल घेतलं आणि त्याच्या पोटऱ्या हातात धरल्या. हाताला मांस लागलंच नाही. सैल कातडं लागलं. तिनं आयुष्यभर दमलेली शरीरं चोळली होती, पण असं शरीर तिच्या हाताखाली कधी आलं नव्हतं.  ती उठली आणि शेगडी पेटवली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं बाहेरची कामं बंद केली. अश्वजीतची खाट आतल्या खोलीत गेली. खिडकी बंद झाली. सकाळी तेल, मग कढत पाणी, मग शेक, मग ओव्याची धुरी. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सुंठीचं पाणी. कानांना फडकं बांधलं.

"आई, मले चालायले सांगितलं आहे."

"चालशीन न. आधी अंगात काही येऊ दे."

"डॉक्टर म्हणते..."

"त्या डॉक्टरनंच तुह्ये पाय असे केले न? गप पड."

बेबीताई दारातून डोकावली. कान बांधून लाडू खाणाऱ्या एकोणतीस वर्षांच्या अश्वजीतला पाहून ती म्हणाली, "काय चंपाबाई, मुलगा झाला की मुलगी?"

अश्वजीतनं पहिले दोन-तीन दिवस विरोध केला. आई बाजारात गेली की तो उठे, भिंतीला धरून टाचा उचले. मग तेही कमी झालं. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटू लागलं होतं. लहानपणी आई सकाळीच दुसऱ्यांच्या घरी जायची, दुसऱ्यांच्या बाळांना न्हाऊ घालायला. आता ती दिवसभर त्याच्याजवळ होती. शिवाय दोन महिन्यांत त्याच्या शरीराला पडून राहण्याची सवय लागली होती, आणि आईनं त्या सवयीला वर तूप वाढलं.

डॉक्टर वसुधाचा फोन येई. ती मूळची नागपूरची, म्हणून चंपाबाईशीही दोन शब्द बोले.

"चालतो का?"

"चालते न," चंपाबाई म्हणे. संडासापर्यंत तो चालत होता. ती खोटं बोलत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी गल्लीची वीज गेली. सवयीनं कोणीतरी हाक मारली, आणि सवयीनंच अश्वजीत उठला. चंपाबाई पिठाच्या गिरणीवर होती. कुठली तार जळाली ते पाहावं म्हणून तो घराच्या बाजूची लोखंडी शिडी चढू लागला. गच्ची काही फार उंच नव्हती. चार-पाच पायऱ्यांवर गुडघे कापायला लागले, कानांत गुणगुणलं, ऊन एकदम काळं झालं, आणि तो खाली आला तो थेट बेबीताईच्या खाटेवर. खाटेवर उडदाचे पापड वाळत होते.

चंपाबाई आली तेव्हा तो ओट्यावर बसला होता. कोपर सोललं होतं, केसांत पापडाचे तुकडे होते, आणि बेबीताई त्याला पाणी पाजत होती. "पापडाचं जाऊ द्या," ती म्हणाली, "पण खाट नसती तर?" या वेळी ती हसली नाही.

अश्वजीत आईकडं पाहत म्हणाला, "आई, मी खंब्यावर असतो तर?"

चंपाबाईनं गव्हाच्या पिठाचा डबा खाली ठेवला. मग आत गेली आणि डॉक्टर वसुधाला तिनं स्वतः फोन लावला.

सगळं ऐकून डॉक्टरनं विचारलं, "दिवसातून किती वेळ पायावर असतो तो?"

चंपाबाईनं रिकाम्या खाटेकडं पाहिलं. मग म्हणाली, "संडासले जाते. अन् जेवायले उठते. खोटं काहून बोलू? मी उठूच नाही दिलं."

डॉक्टर रागावेल असं तिला वाटलं होतं. डॉक्टर म्हणाली, "चूक आमचीही आहे, मावशी. आम्ही सगळं त्यालाच सांगितलं. घरी कोण आहे, ते विचारलंच नाही." मग तिनं समजावलं. वर गेलेली माणसं कितीही कंटाळा आला तरी रोज स्वतःला पट्ट्यांनी यंत्राला बांधून घेतात आणि पळतात, नाहीतर परत आल्यावर त्यांना उभं राहता येणार नाही. "हाड म्हणजे कामावर ठेवलेला माणूस समजा. काम नसलं की शरीर त्याला काढून टाकतं."

"ठेकेदारासारखं."

"अगदी तसंच."

"मग मी बाळंतिणीले इतकी वर्षं झोपवलं, ते चुकलं का?"

"बाळंतीण दमलेली असते. तिला विसावा पाहिजेच. थोडं चालणंही पाहिजे, पण विसावा आधी. अश्वजीत दमला नाही, मावशी. त्याचं अंग रिकामं झालंय. रिकाम्याला आणखी विसावा देऊन काय होणार?"

फोन ठेवून चंपाबाई चुलीपुढं बसून राहिली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याकडंही तिचं लक्ष नव्हतं. साठीला आली तरी बंगल्यांचे जिने ती न थांबता चढत होती. तिच्या बरोबरीच्या, सव्वा महिना झोपलेल्या बायका गुडघे धरून बसल्या होत्या. म्हणजे तिची हाडं त्या विटांनी घट्ट केली की काय? हा विचार तिला आवडला नाही. विटांना श्रेय द्यायला तिचं मन तयार होईना. ओल्या बाळंतिणीच्या डोक्यावर विटा देणारं जग बरोबर होतं, असं कोणी म्हणू नये. पण जे आपल्याला मिळालं नाही ते सगळं एका खोलीत गोळा करून आपण पोराच्या अंगावर घातलं, आणि त्याला ते हवं आहे का, हे एकदाही विचारलं नाही, एवढं तिला कळलं. ओझं वाईट नव्हतं. तेव्हा शेजारी चालणारं कोणी नव्हतं, ते वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अश्वजीतच्या कानांचं फडकं सोडलं, अंथरूण गुंडाळलं, आणि खाट उचलून भिंतीला उभी केली.

"चाल. राणीतालच्या चौकापर्यंत."

"आज इतकं?"

"जिथं बसावं वाटन तिथं बस. पण खाट नाही भेटणार."

तो पुढं, ती मागं. पोटऱ्यांत गोळे आले की तो थांबे, ती थांबे. काही दिवसांनी त्याच्या पाठीवर तांदळाची पिशवी आली. तो अडखळला की तिचे हात आपोआप पुढं जात. ते मागं घेणं हे तिला सगळ्यात जड गेलं. शेवटी ती दोन्ही हात पदरात गुंडाळून चालू लागली. बेबीताई म्हणे, "थंडी वाजून राहिली का तुम्हाले, एवढ्या उन्हात?"

महिना भरला. शैलेंद्र साहेबांच्या आवारात सरावाचा एक खांब होता, त्याला तारा नव्हत्या. अश्वजीतनं पट्टा बांधला. चंपाबाई सोबत आली होती.

"मावशी, तुम्ही इथं सावलीत बसा. बोलायचं मात्र काही नाही," शैलेंद्र म्हणाले.

"बोलत नाही, साहेब."

तो चढला. पहिला भाग पूर्वीसारखाच चढला, असं तिला वाटलं. मग वेग उतरला. अर्ध्यावर तो थांबला. खालच्या माणसांना तो नुसता थांबलेला दिसत होता. चंपाबाईला पॅंटच्या कापडाआडून पोटरी थरथरताना दिसत होती. उतर, असा शब्द तिच्या जिभेवर आला. तिनं ओठ मिटले. वर अश्वजीतनं पट्ट्यावर भार टाकला, डोळे मिटले, उघडले, आणखी एक पाय वर टाकला, तो परत घेतला, आणि हळूहळू, प्रत्येक पाऊल पक्कं करत, आपला आपण खाली आला.

शैलेंद्र साहेबांनी कपाळ पुसलं. "अच्छा. आज वर नाही पाठवत तुला. दुसरा माणूस घेतोय, पण तुला काढत नाही. खाली केबलचं काम आहे, ते पाहा. पुढल्या महिन्यात परत चढ. चढला तर खंबा तुझा."

"आणि नाही चढलो तर, साहेब?"

"तर मग पाहू. पण ज्याला कुठं थांबायचं ते कळते, तो माणूस मला खाली तरी पाहिजे."

फाटकाबाहेर येऊन अश्वजीतनं मागं वळून खांबाकडं पाहिलं. मग म्हणाला, "अर्ध्यातून उतरलो, आई."

"उतरला. पडला नाही."

समोरून ई-रिक्षा आली आणि त्यांना पाहून थांबली. अश्वजीतनं दांड्याला हात घातला. चंपाबाईनं चालवणाऱ्याला हातानंच पुढं जायला सांगितलं.

"घर दूर आहे, आई."

"आहे तर," ती म्हणाली आणि चालू लागली. थोड्या वेळानं मागून त्याची पावलं ऐकू आली, मग शेजारी. तिनं त्याचा दंड धरला नाही.