आर्क्टिकचा बर्फ आणि कोंढ्याजवळचा चिखल

भंडारा रोड स्थानकावर उतरलो तेव्हा माझ्या खांद्यावर पुरुषभर लांबीचा प्लास्टिकचा पाइप होता. नळ दुरुस्तीवाला समजून लोकांनी मला जिन्यावर वाट करून दिली. मी त्यांची समजूत दूर केली नाही. खरा व्यवसाय सांगितला असता तर एवढा मान मिळाला नसता.

मी पुण्यात राहतो आणि समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाचा अभ्यास करतो. तोही आजच्या नव्हे, लाखभर वर्षांपूर्वीच्या. तो तर केव्हाच वितळला, आणि आज जो आहे तो मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. माझ्याकडे उत्तरेच्या समुद्रतळाचा चिखल येतो. बर्फाच्या पोटाला सूक्ष्म शेवाळ वाढतं, ते मेलं की त्यातली चरबी तळाच्या गाळात जाऊन बसते. ज्या थरात ती सापडते त्या काळी वर बर्फ होता. सापडली नाही तर बर्फ नव्हता, नाहीतर इतका जाड होता की शेवाळालाही उजेड मिळेना. अशा खुणा जुळवत जुळवत जगभरच्या मंडळींनी एवढं नक्की केलंय की सव्वा लाख वर्षांपूर्वी पृथ्वी तापली तेव्हा उत्तरेचा उन्हाळी बर्फ खूप आटला होता.

इथवर ठीक होतं. पण गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी कोंढ्याजवळच्या एका गावातून तलावाचा नळीभर गाळ घेऊन आली. काळा पट्टा, पिवळा पट्टा, पुन्हा काळा. ते पाहून माझ्या अंगात आलं. उत्तरेचा बर्फ जेव्हा जेव्हा घटला तेव्हा इथला पाऊस रुसला आणि त्यातल्याच एका अलीकडच्या खेपेला तो पिवळा पट्टा पडला, असं मी ठरवून टाकलं. थरांचं वय काढायला नमुना एका प्रयोगशाळेत रांगेत होता. मी कशाला थांबतोय? पिवळ्या पट्ट्यापुढे पेन्सिलीनं ‘चार हजार वर्षे’ लिहिलं आणि परिषदेला निबंध पाठवला. तो स्वीकारला गेला. पंधरा दिवसांनी व्याख्यान होतं, त्याआधी आणखी एक नळी काढून खुंटा बळकट करायचा, एवढ्यासाठी ही स्वारी निघाली होती.

भंडाऱ्याहून पवनीची बस धरली. कंडक्टर पाइपाकडे बघून म्हणाला, “हा बंबा आडवा ठेवा जी, मांगच्या बाईच्या डोस्क्याले लागून रायला.” आडवा ठेवला तर तो पुढच्या माणसाच्या कानापाशी गेला. शेवटी अड्याळपर्यंत मी तो बाळासारखा मांडीवर घेऊन बसलो. अड्याळला बाजार होता. टोपल्या, कोंबड्या आणि माणसं आत आली आणि पाइपाच्या दोन्ही तोंडांत कुणीतरी पिशव्या अडकवल्या. बाहेर धानाची कापणी चालली होती, वाळत्या पेंढ्याचा गोडसर वास बसभर येत होता. या जिल्ह्यात जिकडे बघावं तिकडे तलाव आणि बोड्या (लहान तळी), हे मी नकाशावर पाहिलं होतं. खिडकीतून पाहताना मात्र मी मोजायचंच विसरलो.

कोंढ्याला मनसाराम सायकल घेऊन उभे होते. हे ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातले. विद्यार्थिनीला गाळ यांनीच काढून दिला होता. घरी त्यांच्या पत्नी अनुसयाबाईंनी मासळीचा रस्सा, भात आणि उकडलेले शिंगाडे वाढले. शिंगाडा सोलायची मला सवय नाही. त्याचा काटा बोटात घुसला आणि मी ओरडलो. विद्यार्थिनीकडून माझ्या बर्फाचं ऐकलेल्या अनुसयाबाई म्हणाल्या, “बाप्पा! शिंगाड्याले भेता, अन् बरफात कसे जाता?”

“मी जात नाही मावशी. तिथला चिखल माझ्याकडे येतो.”

यावर त्यांनी मला आणखी भात वाढला.

दुपारी डोंग्यातून (लाकूड कोरून केलेल्या होडीतून) तलावात शिरलो. मागच्याच जागी नळी घ्यायची, असा माझा हट्ट होता. ती जागा काठाजवळ होती, कारण विद्यार्थिनीला खोल पाण्यात जाऊ नकोस असं मीच बजावलं होतं. पाइप गाळात दाबला, वर चढून सगळं वजन टाकलं. पाइप गेला खाली, डोंगा गेला बाजूला आणि मी मधोमध पाण्यात बसलो. पाणी कमरेइतकंच होतं. मनसारामांनी एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं पाइप वर काढला. पाइप काढताना ते जास्त जपत होते.

पारीवर (तलावाच्या बांधावर) पाइप उभा चिरला, तोवर अनुसयाबाईही टोपली घेऊन तिथे आल्या होत्या. आत तेच पट्टे! मला इतका आनंद झाला की ओल्या कपड्यांत मी अनुसयाबाईंना व्याख्यानच दिलं. पृथ्वी तापली, बर्फ आटला, पाऊस रुसला, आणि हा पिवळा थर चार हजार वर्षांपूर्वीचा!

त्या खाली बसल्या, काळ्या थराला बोट लावून वास घेतला. “हा त शिंगाड्याचा येल होय, कुजलेला. अन् हे पिवळी पारीची माती. पार फुटली होती नं, तवा आली. माह्या धाकटीच्या लग्नाच्या साली.”

“पण ही पिवळी माती तर वेलाच्याही खाली आहे, मावशी.”

“खालीच राहीन. दरसाली आमी रोपाचा येल पायाच्या अंगठ्यानं गाळात खोचतो. वरचं खाली, खालचं वर. अन् उन्हाळ्यात बैलबंडीनं गाळ वावरात नेतो. इथं तळ कोनी तसाच ठेवत नाही जी.”

मी वाद घातला. वीस वर्षांचा अनुभव सांगितला. त्यांनी माझ्या चार हजार वर्षांच्या थरात नख घातलं आणि वीतभर निळी नायलॉनची दोरी बाहेर ओढली.

“हे आमच्या जाळ्याची,” मनसाराम हळूच म्हणाले.

मला रडू यायचंच बाकी होतं. व्याख्यान, निबंध, विभागात मिरवलेला तोरा, सगळं त्या दोरीला लोंबकळत होतं. क्षणभर असंही वाटलं की दोरी खिशात घालावी. पुण्यात कोण विचारणार? अनुसयाबाई मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडल्या होत्या.

“म्हंजे तिकडचा बरफ गेला त आमच्या तलावाले पानी येनार नाही, असं म्हनता का? नाही येनार असन त पुढच्या साली येल कमी लावतो. तुमी सांगा, तसं करू.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पुढच्या वर्षीचं त्यांचं पीक माझ्या पेन्सिलीवर ठरणार होतं. माझी लाज तिथे सुरू झाली.

“बर्फ आटला होता हे खरं आहे, मावशी. आताही आटतोय. पण तुमच्या पाण्याचं काय होईल, ते मला माहीत नाही. मघाशी मी उगाच बोललो.”

“मंग इतक्या दूर कायले आले जी?” त्या चिडूनच म्हणाल्या आणि टोपली उचलून गेल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

परतीच्या गाडीत बसल्यावर विभागप्रमुख बाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं, दोरीसकट. त्यांनी एवढंच विचारलं.

“म्हणजे व्याख्यान रद्द?”

“नाही. बर्फाचं बोलतो. पावसाचा भाग चुकला हेही तिथेच सांगतो.”

“लोक हसतील.”

“हसू देत.”

फोन ठेवून निबंध उघडला. शीर्षकापासून शेवटापर्यंत अकरा ठिकाणी मी ‘यावरून सिद्ध होते’ लिहिलं होतं. एकेक खोडत गेलो. वर्धा येईपर्यंत बर्फाचा भाग तेवढा उरला आणि अर्धं पान रिकामं झालं. तिथे मी अनुसयाबाईंचा तलावाच्या पाण्याचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहिला. त्याखाली ‘उत्तर अजून माहीत नाही’ एवढंच लिहिलं.